कपाटातली पुस्तके आणि घरातली माणसे
(वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "तुम्ही दोन शब्द बोला" म्हटले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मी सातवी शिकलेली बाई. भाषणाचा प्रसंग आयुष्यात एकदाच आला होता. चौथीत असताना पंधरा ऑगस्टला उभी राहिले, आणि मध्येच सगळे विसरून खाली बसले. म्हणून या खेपेस सारे कागदावर लिहून आणले आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

विषय दिला आहे तो या वर्षी वाचलेल्या कादंबऱ्यांचा. त्याला कारण असे की, गेल्या वर्षी आपल्या मंडळाने पुस्तकांचे कपाट केले आणि त्याची किल्ली माझ्याकडे दिली. मंडळाच्या खोलीला लागून आमचे घर, एवढीच माझी लायकी. आपल्या इचलकरंजीत आपटे वाचन मंदिरासारखे जुने वाचनालय आहे, पण लग्न होऊन इथे आल्यापासून त्याची पायरी मी कधी चढले नव्हते. संसाराच्या रगाड्यात पुस्तक वाचायचे असते हेच विसरले होते. पण किल्ली हाती आली, आणि दुपारची भांडी आवरली की मी कपाट उघडू लागले.

पहिले हाताला लागले ते बाबूराव अर्नाळकरांचे. या गृहस्थांनी म्हणे हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे मी लहानपणी मामाच्या तोंडून ऐकली होती. पुस्तक उघडले आणि चुलीवरची आमटी करपली. करपल्याचा वास आला तो आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. त्यांना वाचता येत नाही, आणि आता मोतीबिंदूमुळे दिसतही कमी. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. तर म्हणाल्या, "एवढं काय हाय गं त्यात? मोठ्यानं वाच की, मला बी कळू दे."

त्या दिवसापासून आमच्या घरी दुपारी मोठ्याने वाचन सुरू झाले. गुन्हेगार कोण हे मला शेवटच्या पानापर्यंत कळत नसे. आत्याबाईंना निम्म्यातच कळे. "समदी नोकरावर संशय घेत्यात, म्हंजी त्यो न्हाई," असे म्हणून त्या खुशाल तांदूळ निवडत बसत, आणि बहुतेक वेळा त्यांचेच खरे होई. रहस्यकथेला लोक हलके समजतात. दुसऱ्या दिवशी त्यातले फारसे आठवत नाही हे खरेच. पण पान उलटायची गोडी मला तिनेच लावली, तेव्हा तिला मी नावे ठेवणार नाही.

मग मुलाने सांगितले म्हणून जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' घेतली. जमिनीत फार खोलवर एक जुनी पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव घडवतात आणि पुढे तोच माणसाला भारी पडू लागतो, अशी गोष्ट. काही पाने माझ्या डोक्यावरून गेली आणि आत्याबाईंना तर झोप लागली. पण मला राहवेना. आमचे हे मागावर जॉबर आहेत. साधे माग जाऊन नवे ऑटो माग आल्यापासून किती हात रिकामे झाले ते आपण गावात बघतोच. मी ह्यांना विचारले, "तुमच्या ऑटो मागाला असं कळायला लागलं तर हो?" तर म्हणाले, "कळायला लागलं तर आधी पगारवाढ मागंल!" आम्ही हसलो, पण पुस्तक मिटले तरी ती भीती काही मिटली नाही.

यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. ही १९५५ सालची. आटपाडीच्या बाजूचे माझे माहेर, म्हणजे माडगूळकरांचाच मुलूख. पहिल्या दहा पानांतच मला तिथल्या धुळीचा वास आला. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, मेंढरांमागची पोरे शाळेत गोळा करतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी ओस पडते. गोष्ट एवढीच, कुठे आरडाओरडा नाही. मला आमचे गुरुजी आठवले. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची शाळा सहा किलोमीटरवर. मुलीला चालत कोण पाठवणार? गुरुजी आमच्या वडिलांना समजवायला दोनदा घरी आले. दुसऱ्या खेपेस वडिलांनी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. मी दाराआड उभी होते. त्या मास्तराबद्दल वाचताना मला प्रथमच वाटले, माघारी जाताना आमच्या गुरुजींना काय वाटले असेल? इतकी वर्षे मी फक्त माझ्या पुरतेच रडत होते.

त्याच पुस्तकात शेकू नावाच्या शेतकऱ्याची बायको आहे. बैल नाही म्हणून ती स्वतः औताला खांदा देते. हे वाचले तेव्हा आत्याबाईंचा निवडता हात थांबला. "म्या बी वडलाय सुताचा गाडा," एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. मलाही पुढे विचारायचे सुचले नाही.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आली ती घरात भांडण घेऊनच. ही १९५९ ची, पुढे १९६१ साली तिला राज्य सरकारचे बक्षीस मिळाले. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, म्हणजे आपल्याच बाजूचे, आणि शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेले. सातवी शिकले म्हणून कमीपणा वाटून घेणाऱ्या मला याची लाज वाटली. गावासाठी जोगणी आणायला गेलेला राणोजी जिवंत परतत नाही, आणि त्याचा मुलगा फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, सरकारशी झुंजतो. माझा मुलगा म्हणाला, लूट ती लूटच. ह्यांनी म्हटले, पोटात काही नसताना तू बोल. दोन दिवस जेवताना हाच विषय चालला होता. लढाईची पाने मला जरा जास्त वाटली. पण पुस्तकावरून बापलेक भांडताहेत, हे आमच्या घरात प्रथमच घडले.

आता 'स्वामी'. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ सालची. माधवराव पेशवे आणि रमाबाई यांची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी वाचली असेल. वीस दिवस आम्ही ती पुरवून पुरवून वाचली. क्षयाने पोखरलेले माधवराव १७७२ साली थेऊरला, गणपतीच्या चरणी जातात. वय अवघे सत्तावीस. आणि रमाबाई सती जातात. शेवट मी रात्री वाचला, पदर ओला झाला. मला वाटले, आत्याबाईही रडत असतील. त्या भिंतीकडे बघत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "गेली तिची समाधी बांधली. आन् ज्या मागं ऱ्हायल्या त्यांचं? त्यांचं कुणी लिवलंय का गं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आत्याबाईंना वैधव्य आले तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि आमचे हे सहा वर्षांचे. दुसऱ्यांच्या मागावर कांड्या भरून, गाडा ओढून त्यांनी तीन मुले वाढवली. हे मला लग्न ठरतानाच सांगितले होते. पण सांगितले होते ते, घर काटकसरीचे आहे हे कळावे म्हणून. त्यापलीकडे मी कधी गेले नव्हते.

आपल्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी कपाटातून हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' काढून दिली. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले, त्यात ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने छापली जात होती. भाषा जुनी, पुस्तक मोठे. पण यमुना स्वतःच आपली हकिकत सांगते आहे, त्यामुळे चार पानांत ती शेजारीण वाटू लागते. नवरा तिला वाचायला शिकवतो, मुंबईस दोघांचा संसार थाटतो, आणि आता बरे दिवस आले म्हणेपर्यंत तो जातो. एका पुरुषाने, तेही पंचविशी नुकती ओलांडलेल्या तरुणाने, बाईच्या मनात इतके आत कसे शिरावे, याचे मला नवल वाटते.

यमुनेचे केस बळजबरीने काढतात तिथे माझा आवाज बसला. मी पुस्तक मिटू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "थांबू नगं, वाच." मी ते प्रकरण पुरे केले. मग त्या बोलू लागल्या. चोवीस वर्षांत माझ्याशी त्या एवढे कधी बोलल्या नव्हत्या.

म्हणाल्या, आमच्यात केस काढत न्हाईत. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, ते दुःखातच गेलं, ध्यानात बी न्हाई. पर पुढच्या संक्रांतीला रोज ताक न्यायला येणारी शेजारीण मला बघून गल्लीच्या पल्याडनं गेली, ते अजून ध्यानात हाय. आणि मग म्हणाल्या, "तुमच्या मंडळाचं तिळाचं लाडू मी वळती. वाण वाटाय लागलं की आत जाती. मला कुणी जा म्हणत न्हाई. पर कुणी बस बी म्हणत न्हाई."

भगिनींनो, हे ऐकून मी कुणावर रागावू? मंडळावर नाही. दर संक्रांतीला हळदीकुंकवाची वेळ झाली की "आत्याबाई, तुम्ही दमलात, आता आत जरा पडा," असे म्हणणारी मीच होते. मला वाटे, मी त्यांची काळजी घेते आहे. काळजी नव्हती ती. चारचौघींत कुणाला अवघड वाटू नये म्हणून मी त्यांना गोड शब्दांत उठवत होते, आणि त्याही समजून उठत होत्या.

हरिभाऊंच्या पुस्तकाला शंभरावर वर्षे होऊन गेली. केशवपन गेले, सती त्याआधीच गेली. पण खोलीतून उठून जाणे काही गेलेले नाही. आपल्यापासून जवळच शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तसेच करण्यास सांगितले. एका खेडेगावाला जे जमले ते एका शहरातल्या महिला मंडळाला का जमू नये?

ठराव मांडण्याचा मला अधिकार नाही, मी साधी सभासद आहे. म्हणून विनंती करते. येत्या संक्रांतीला निमंत्रणाच्या चिठ्ठीवर "सुवासिनींनी यावे" असे न छापता "सर्व भगिनींनी यावे" असे छापावे. सतरंजी एकच, तिळगूळ एकच, वाणही सर्वांना. कुंकू ज्यांना लावून घ्यायचे त्यांनी घ्यावे, ज्यांना नको त्यांना आग्रह नको. काही जणींना हे रुचणार नाही हे मी जाणते. त्यांच्या देवाधर्माला मला धक्का लावायचा नाही. मी आत्याबाईंनाही विचारले, कुंकू लावून घ्याल का? त्या हसल्या. म्हणाल्या, "आता या वयात कुंकू कशाला गं? बसाय जागा असली म्हंजी झालं."

वर्षभर इतक्या तऱ्हेची पुस्तके वाचून मला काय मिळाले, असे कुणी विचारले तर मी हेच सांगेन. पेशव्यांच्या वाड्यात, बनगरवाडीत, वाटेगावात फिरून आले, आणि माझ्याच स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायला शिकले. पुस्तक मध्ये नसते तर मी तो विचारला नसता, आणि त्यांनीही उत्तर दिले नसते.

कपाट दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार उघडे असते. वाचता येत नाही अशा घरच्या वडीलधाऱ्या बायकांनाही घेऊन या, वाचून दाखवण्याचे काम मी आनंदाने करीन. 'पण लक्षात कोण घेतो!' मात्र सध्या कपाटात नाही. आत्याबाईंना शेवटची प्रकरणे पुन्हा ऐकायची आहेत. ती झाली की परत आणून ठेवते. ज्यांना हवी असेल त्यांनी आताच नाव सांगून ठेवावे.