मुलांची डोकेदुखी : बहाणा नव्हे, दुखणे

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



"गुरुजी, डोकं दुखतंय," असे एखादे मूल म्हणाले, की आपल्या मनात प्रथम शंका येते ती बहाण्याची. माझ्या मुलाच्या बाबतीत मीही हीच चूक केली. महिन्यातून तीनचारदा तो कपाळ धरून बसे आणि मी त्याला रागावत असे. डॉक्टरांनी मात्र विचारले, "घरात कोणाला अर्धशिशी आहे काय?" ती त्याच्या आईला होती, मुलालाही तीच निघाली. मोठ्यांचे बहुधा अर्धे डोके दुखते, मुलांचे पुष्कळदा संपूर्ण कपाळ दुखते. म्हणूनच ती ओळखू येत नाही.

या दुखण्याची वारंवारता कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, अपुरी झोप, कडक ऊन आणि मनावरील ताण ही त्याची नेहमीची निमित्ते होत. मुलाने न्याहारीवाचून घराबाहेर पडू नये. 6 ते 12 वर्षांच्या मुलास रोज 9 ते 12 तास झोप हवी. इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 पूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने 2024 साली घेतला. परंतु रात्री अकरापर्यंत मोबाईल हाती राहिला, तर त्याचा लाभ मुलाला मिळणार कसा?

केरळातील शाळांनी 2019 साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. अशी घंटा वाजविण्यास खर्च येत नाही. मात्र पंचायतीने शाळेत पिण्याचे शुद्ध पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह पुरविले पाहिजे. ते नसले की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

फळ्यावरील अक्षर नीट दिसत नसल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून डोळे तपासून घ्यावेत. डोके कधी दुखले, त्यापूर्वी मूल जेवले व झोपले होते काय, याची वहीत नोंद ठेवावी. दुकानातून आणलेल्या गोळ्या वरचेवर देऊ नयेत. त्यांच्या अतिरेकानेच डोकेदुखी वाढते. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याविना मुळीच देऊ नये.

पहाटे दुखण्याने जाग येणे, वारंवार सकाळी उलटी होणे, तापासह मान ताठणे, झटके येणे, दृष्टी किंवा चाल बिघडणे, डोक्यास मार लागल्यावर दुखू लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास मुलास त्वरित रुग्णालयात न्यावे.

मुलाच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे हाच प्रतिबंधाचा पहिला उपाय होय. ती पहिल्यांदा कानी पडते ती बहुधा आपल्याच वर्गात.