गेटावरची पाटी आणि खिशातला फोन



पूर्वी पाळी सुटली की कामगार आपले गाऱ्हाणे गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोलत असे. चहा संपे, बोलणे हवेत विरे. आज तेच गाऱ्हाणे तो फेसबुकवर लिहितो. ते तारीखवेळेनिशी टिकून राहते आणि उद्या चौकशीत पुरावा होऊन पुढे येते. म्हणून कंपन्या सोशल मीडियाविषयी नियम करू लागल्या आहेत. असे नियम असावेत की नसावेत, हा माझा प्रश्न नाही. ते कोणी लिहावेत, हा आहे.

डिसेंबर २०२३ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पाहा. वेतनाचा तंटा चालू असता एका कामगाराने व्यवस्थापनाविरुद्ध फेसबुकवर मजकूर टाकला. कंपनीने त्याला कामावरून काढले. कामगार न्यायालयाचा आदेश त्याच्या बाजूचा होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. भाषणस्वातंत्र्याला मर्यादा आहेत, असे सांगितले. ती मर्यादा नेमकी कोठे सुरू होते, हे कामगाराला नोकरी गेल्यावर कळावे काय?

‘कंपनीची बदनामी होईल असे लिहू नये’, एवढेच कलम पाटीवर लावले, तर पगार थकला हे सत्य सांगणेही अपराध ठरू शकते. तेव्हा नियम असा हवा, की वाचताच उमगावा. उत्पादनाची गुपिते, ग्राहकांची माहिती, शिवीगाळ, जातीवरून वा स्त्रियांविषयी अपशब्द, यांना मनाई असावी. यात संघटनेनेही कच खाऊ नये. परंतु वेतन, यंत्रावरची सुरक्षितता आणि संघटनेचे काम यांवर बोलण्यास मोकळीक, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे. आणि लेखी आरोप व चौकशी यांवाचून शिक्षा नसावी.

कायदाही वाट दाखवतो. स्थायी आदेशांचा कायदा १९४६ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली. तीनुसार ३०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात स्थायी आदेशांचा मसुदा करताना मालकाने कामगार संघटनेशी विचारविनिमय करावयाचा आहे. लहान कारखान्यांतील बांधवांना हे संरक्षण नाही. त्यांनी तर मालकाची वाट न पाहता आपला मसुदा आपणच घेऊन जावा.

मित्रहो, मालकाने एकट्याने लिहिलेला नियम तोंडाला कुलूप घालतो. दोघांनी बसून लिहिलेला नियम दोघांनाही आवर घालतो. लेखणी हाती घ्या, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.