दगड शिकून काय मिळते?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मघाशी एका बंधूंनी विचारले, "साहेब, आमची पोरगी भूशास्त्र घेते म्हणते. दगड शिकून तिला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. फीचा पैसा घामाचा असतो.

सुरुवातीला विद्यार्थी दगड ओळखायला शिकतो. हाती भिंग, हातोडी आणि सौम्य आम्लाची बाटली. पांढरा खडा चाकूने ओरखडला गेला व आम्लाने फसफसला, तर कॅल्साइट. चाकूला दाद दिली नाही, तर गारगोटी. तुमच्या रानातली चुनखडीही अशीच फसफसते. पुढे नकाशावाचन येते, आणि भरपूर पायपीट.

खरा धडा मात्र विहिरीच्या काठावर. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा आहे. जुन्या विहिरीत वाकून पाहा. वर काळी माती, मग मुरूम, खाली भोकाभोकांचा मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. कुठे मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा. झिजलेला मांजऱ्या पाणी धरतो. अखंड पाषाणात पाणी नसते, भेगा असल्या तरच मिळते. हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. विद्यार्थी त्याचे कारण शिकतो.

विद्यार्थी असताना मी एका शेतकऱ्याला हिरवी झाडे पाहून बोअरची जागा दाखवली. बोअर कोरडे गेले. त्यासाठी त्याने बैल विकला होता. आमच्या सरांनी मला रागावले नाही. दोर देऊन गावातल्या सगळ्या विहिरींची पातळी मोजायला पाठवले. तेव्हा उलगडा झाला. शिवारातून काळ्या दगडांची एक सरळ रांग गेली होती. तिला डाईक म्हणतात. जमिनीत उभी भिंतच ती. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती पुष्कळ. रांगेच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी, खालच्या कोरड्या. माझी जागा खालच्या अंगाची. त्या रांगेवरूनच मी चालत गेलो होतो! बैल मात्र परत आला नाही.

तेव्हा त्या बंधूंना सांगतो, मुलीला अवश्य शिकवा. दिवाळीच्या सुट्टीत ती आली की हाती दोर द्या, शेजारच्या चार विहिरींची पातळी मोजून वहीत लिहायला सांगा. मे महिन्यात पुन्हा मोजा. बोअरवाल्याला बोलावण्याआधी ती वही उघडा.