फायलींची आवराआवर: घरचं साधन की बाहेरचं?



‘मॅडम, एखादा चांगला फाइल मॅनेजर सुचवा,’ अशी मागणी माझ्याकडे सतत येते. शाळेतले लिपिक, फोटो स्टुडिओवाले, निवृत्तीनंतर घरचे जुने फोटो संगणकात लावत बसलेले आजोबा, सगळेच विचारतात. मी नाव सांगण्याआधी विचारते, नेमकं अडतंय कुठे? कारण विंडोजच्या संगणकात फाइल एक्सप्लोरर मुळातच असतो. खालच्या पट्टीवर पिवळ्या फोल्डरचं चित्र दिसतं ना, तोच. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर तो आला तेव्हा त्याला विंडोज एक्सप्लोरर म्हणायचे. आपण रोज त्यातूनच फायली उघडतो, पण त्याच्या निम्म्या सोयींना आपला हातही लागलेला नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरच्या आणि साध्या कचेरीच्या कामाला फाइल एक्सप्लोरर पुरतो. बाहेरचं साधन घ्यायचं ते ‘अमुक काम मला वारंवार करावं लागतं आणि ते इथे होत नाही’ असं नेमकं बोट ठेवता आलं तरच.

एक्सप्लोररमध्ये एक गोष्ट मात्र आजच बदला. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जी दोन-चार अक्षरं असतात, पीडीएफ, जेपीजी वगैरे, ती विंडोज मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे ‘वीजबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ नावाची फाइल तुम्हाला नुसती ‘वीजबिल डॉट पीडीएफ’ अशी दिसते. बिल म्हणून तुम्ही ती उघडता आणि प्रत्यक्षात एक अनोळखी प्रोग्राम सुरू होतो. विंडोज ११ मध्ये वरच्या ‘व्ह्यू’ मेनूत जा, तिथे ‘शो’, आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ या टॅबखालीच तसा चौकोन आहे. एवढ्या एका खुणेनं जी सुरक्षितता मिळते, ती विकतच्या फाइल मॅनेजरनं मिळेलच असं नाही.

आता एक्सप्लोरर कुठे कमी पडतो ते पाहू. दिवाळी अंकाची एखादी कचेरी डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट-सप्टेंबरात लेख येऊ लागतात, काही ईमेलवर, काही व्हॉट्सॲपवर. एकाच लेखकाच्या फायली ‘कथा’, ‘कथा नवीन’, ‘कथा फायनल’ आणि ‘कथा फायनल सुधारित’. चित्रकारानं पाठवलेल्या चित्रांना कॅमेऱ्यानं दिलेले नुसते आकडे. या दोन-तीनशे फायलींना एका शिस्तीत नावं द्यायची आहेत: आधी वर्ष, मग विभाग, मग क्रमांक.

एक्सप्लोररमध्ये सगळ्या फायली निवडून एफ-टू दाबलं आणि ‘दिवाळी’ असं लिहिलं, तर दिवाळी एक, दिवाळी दोन, दिवाळी तीन अशी नावं एका झटक्यात पडतात. चुकलं तर कंट्रोल-झेड दाबून मागे येता येतं. पण मूळ नाव तसंच ठेवून पुढे वर्ष जोडायचं, किंवा शंभर नावांतला ‘फायनल’ हा शब्द तेवढा काढायचा, हे एक्सप्लोररमध्ये जमत नाही. इथे बाहेरचं साधन खरोखर हवं. त्यातही पहिली पायरी मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइजची. ती फुकट मिळते आणि तिच्यातलं पॉवररीनेम हेच काम करतं. एका बाजूला जुनं नाव दिसतं, दुसऱ्या बाजूला नवं, आणि तुम्ही होकार देईपर्यंत एकाही फाइलला धक्का लागत नाही. शेकडो फायलींना एकदम हात घालायचा असेल, तर असं आधी दाखवणारंच साधन वापरा.

दुसरी अडचण दोन फोल्डरांची. कचेरीतल्या संगणकावर एक प्रत, मुद्रितशोधकाकडून परत आलेल्या पेन ड्राइव्हवर दुसरी. नवी कोणती? एक्सप्लोररमध्ये तुम्ही कॉपी करायला गेलात की तो अडवतो, त्याच नावाची फाइल आहे म्हणतो, आणि मागितलंत तर दोन्हींची तारीख आणि आकार दाखवतो. आत काय बदललं, हे त्याला सांगता येत नाही. घाईत ‘रिप्लेस’ दाबलं की सुधारलेला लेख जुन्याखाली गाडला जातो आणि तो रीसायकल बिनमध्येही सापडत नाही.

या कामाला दोन कप्प्यांचे फाइल मॅनेजर फार उपयोगी पडतात. ही रचना जुनीच आहे. डॉसच्या काळात, १९८६ साली, जॉन सोचा यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर आला. निळ्या पडद्यावर डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा. एफ-फाइव्ह दाबलं की कॉपी, एफ-सिक्स दाबलं की हलवणं. १९९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियान गिस्लर यांनी तीच रचना विंडोजवर आणली. तोच आजचा टोटल कमांडर. त्याच घडणीचा डबल कमांडर पूर्ण फुकट आहे, त्याचा स्रोतही खुला आहे, आणि तो लिनक्स व मॅकवरही चालतो. मराठी माध्यमाच्या शाळांना, वाचनालयांना मी तोच सुचवते. या दोन्हींतही दोन फोल्डर समोरासमोर ठेवून तुलना करता येते. कोणती फाइल फक्त डावीकडे आहे, कोणती दोन्हीकडे आहे पण वेगळी आहे, हे यादीत दिसतं, आणि ‘मजकुरावरून तुलना करा’ अशी खूण केली की तारखेवर विसंबावं लागत नाही. इथे एक जपा. ‘असिमेट्रिक’ हा पर्याय निवडलात, तर डावीकडे नसलेल्या फायली उजवीकडून पुसल्या जातात. हार्ड डिस्कवरच्या एकुलत्या एका जुन्या प्रतीवर हा प्रयोग करू नका. नुसतं दोन फोल्डर शेजारी शेजारी पाहायचे असतील तर काहीच बसवायला नको. विंडोजची कळ दाबून डावा बाण दाबा, खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते. २०२२ पासून विंडोज ११ च्या एक्सप्लोररमध्ये टॅबही आले आहेत.

शोधण्याबद्दल थोडक्यात. विंडोज मुळात ठरावीक फोल्डरांचीच सूची करतं, म्हणून डी ड्राइव्हवरची फाइल शोधताना वेळ लागतो. सेटिंग्जमध्ये शोधाच्या पानावर ‘एन्हान्स्ड’ निवडा, मग सगळ्या ड्राइव्हची सूची होते. तरीही मंद वाटलं तर एव्हरीथिंग नावाचं छोटं फुकट साधन आहे. ते डिस्कवरची फायलींची मूळ नोंदवहीच वाचतं, त्यामुळे टाइप करता करता नाव समोर येतं. मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या लेखातला शब्द युनिकोडमध्ये टाइप करून शोधलात, तर तो कोणत्याच साधनाला सापडणार नाही, कारण आतली अक्षरं वेगळ्याच सांकेतिक आकड्यांनी साठवलेली असतात. म्हणून अशा फायलींच्या नावात तरी लेखक आणि विषय युनिकोड मराठीत लिहून ठेवा. आपल्या कितीतरी संस्थांचा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर अशा फायलींत पडून आहे, आणि नाव नीट नसेल तर तो असून नसल्यासारखा होतो. मला याची फार काळजी वाटते.

आता जोखमीचं बोलू. फाइल मॅनेजर म्हणजे घराच्या सगळ्या खोल्यांची किल्ली. ती कोणाच्या हातात देतोय ते पाहायला हवं. अँड्रॉइडवरचा ईएस फाइल एक्सप्लोरर कोट्यवधी लोकांनी घेतला होता. २०१९ मध्ये गूगलनं तो प्ले स्टोअरवरून काढला. संगणकावरचं उदाहरण विनरारचं. रार फायली उघडायला आपण सर्रास तो टाकत आलो. २०२३ मध्ये त्यात मोठी त्रुटी सापडली: खास तयार केलेल्या संग्रहातलं साधं चित्र उघडायला गेलं, तरी आतला घातक प्रोग्राम सुरू व्हायचा. दुरुस्ती लगेच आली, पण विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही, त्यामुळे ज्यांनी नवी आवृत्ती उतरवून घेतली नाही त्यांच्याकडे भगदाड तसंच राहिलं. एक्सप्लोररची दुरुस्ती विंडोजच्या अपडेटबरोबर आपोआप येते. हा फरक लहान समजू नका.

आणि गरजाही बदलतात. विंडोज ७ मध्ये देवनागरी नावाची फाइल झिपमध्ये घालायला गेलं की नकार मिळायचा, तेव्हा सेव्हन-झिपसारखं बाहेरचं साधन लागायचंच. आज विंडोज देवनागरी नावांची झिप करतं, आणि २०२३ पासून विंडोज ११ रार फायलीही स्वतः उघडतं. वर्षातून एकदा बसवलेल्या प्रोग्रामांची यादी उघडा. ज्याचं काम आता विंडोजच करतं, तो काढून टाका. साधन घ्यायचं तर कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या. पेन ड्राइव्हवर फिरणारी ‘क्रॅक’ प्रत घेऊ नका. टोटल कमांडरसारख्या साधनाची किंमत परवडत नसेल तर डबल कमांडर आहेच. कचेरीचा संगणक असेल तर आधी तिथल्या संगणक विभागाला विचारा.

शेवटी मोबाइल. फोनसोबत आलेलं ‘फाइल्स’ ॲप बहुतेकांना पुरतं. २०१७ साली गूगलनं ते दिल्लीतच सादर केलं, कमी जागेच्या फोनसाठी. तुम्ही दुसरं काही टाकलं असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सखाली ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’ आणि त्यात ‘ऑल फाइल्स ॲक्सेस’ शोधा; अँड्रॉइड ११ पासून ही सोय आहे. सगळ्या फायली पाहण्याची मुभा कोणाकोणाला दिली आहे, ते तिथे दिसेल. ज्या ॲपचं नाव ओळखीचं नाही, किंवा ज्याला तुमच्या फायलींशी काही देणंघेणं नाही, त्याच्यासमोरचं बटण बंद करा. बंद केल्यावर एखादं काम अडलंच तर ते ॲप स्वतः परवानगी मागेल, तेव्हा विचार करून ठरवा.