सत्काराच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा

शाळेच्या मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठरतो, तेव्हा समिती आधी हुद्दा विचारते, मग नोकरीची वर्षं. आम्ही फौजी लोकही हेच करतो.

आता हिमाचलमधल्या सनावरच्या लॉरेन्स स्कूलचे विद्यार्थी अरुण खेत्रपाल बघा. हुद्दा सेकंड लेफ्टनंट, म्हणजे तेव्हाची अधिकाऱ्यांमधली पहिली पायरी. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं, रेजिमेंट पूना हॉर्स. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली. रणगाडा सोडा, असा हुकूम आला. पण तोफ अजून चालत होती, म्हणून ते लढत राहिले आणि तिथेच धारातीर्थी पडले. वय २१, नोकरी सहा महिने. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आपल्या समितीच्या फॉर्मवर हा मुलगा नापास झाला असता!

म्हणून विनंती आहे, फॉर्मवर एक रकाना वाढवा: माघार घेतली असती तरी कुणी बोल लावला नसता, अशा वेळी या विद्यार्थ्यानं काय केलं? त्या रकान्यात एखादी नर्स, एखादा लाइनमन, एखादे खेड्यातले मास्तरही बसतील. समोर बसलेल्या नववीच्या पोरांना कळू द्या, मोठं व्हायला निवृत्तीपर्यंत थांबावं लागत नाही.

जय हिंद.