म्हाताऱ्यांचं बोलणं लिहून घ्या

हिरड्याचं काम घरी ठेवून डोंगर उतरून आलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,



घोडेगावात तुमचं मनापासून स्वागत. आपण या संमेलनाला जमलोय ते डॉ. गोविंद गारे यांच्या आठवणीसाठी. ४ मार्च १९३९ रोजी जुन्नरच्या निमगिरीत त्यांचा जन्म झाला. पुढे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक झाले. २४ एप्रिल २००६ रोजी ते गेले.

त्यांनी काय केलं हे कळायला आधी शिवनेरीवर जाऊ. तिथं कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांची मुंडकी तिथं उडवली, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शिवजन्मस्थान बघायला आलेली कितीतरी माणसं त्याच्या बाजूनं निघून जातात, कारण तिथं काय घडलं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आपला इतिहास बराच काळ असाच पडून होता. १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांचा इतिहास लिहिला तो कॅप्टन मॅकिंटॉश या ब्रिटिश अधिकाऱ्यानं. आपल्या आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले १८७३ ते १८७६ सावकारशाहीविरुद्ध लढला. सरकारी कागदांत तो दरोडेखोर ठरला. राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्याही माथी तोच शिक्का.

गारेसाहेबांनी तो शिक्का पुसला. ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ आणि ‘इतिहास आदिवासी वीरांचा’ या पुस्तकांत आपली माणसं आपल्या नावानिशी उभी राहिली. खुर्चीवर बसूनही त्यांचं मन पाड्यावर राहिलं. आदिवासींच्या सवलती खऱ्या आदिवासींनाच मिळाव्यात, यासाठी ते शेवटपर्यंत बोलत आणि लिहीत राहिले.

ते गेले त्याच वर्षी डिसेंबरात संसदेनं वनहक्क कायदा मंजूर केला. या कायद्याच्या नियमांत वनजमिनीवरच्या दाव्याचा पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरला जातो. म्हणजे आजी जे सांगते, ते लिहून ठेवलं तर जमिनीच्या कामी येतं. गारेसाहेबांनी आयुष्यभर हेच केलं: सांगितलेलं कागदावर आणलं.

लिहून घ्यायची घाई आता आपल्यालाही आहे. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला फक्त नाव उरलं. त्या गावच्या वाटा, देव, खाचरं ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसं आता थकली आहेत.

आमच्या पाहुणचारात काही उणं राहिलं तर पोटात घाला. नाचणीची भाकरी खा, दोन दिवस मोकळेपणानं बोला. पोरांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरी गेलात की आजोबांजवळ बसा. वही उघडा. ते सांगतील ते, त्यांच्याच बोलीत, तारीख घालून लिहून घ्या.

जय आदिवासी!