जुन्या वळणाचे खेळ आणि आजचा खेळाडू

जालना, अंबड, भोकरदनच्या तरुणांसाठी व्हिडिओ गेम म्हणजे बहुतेक वेळा मोबाईलवरचा बीजीएमआय किंवा फ्री फायर. अर्ध्या तासाच्या आत डाव निकाली. मग १९९८ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट’सारखे, दिवसचे दिवस चालणारे रोल-प्लेइंग गेम आज कोण खेळणार? माझ्या मते, खेळणारे आहेत आणि पुढेही असतील; कारण या खेळांचा जीव कथेत आणि निर्णयात आहे. ‘बाल्डर्स गेट’मध्ये सहा जणांपर्यंतची तुकडी आपण सांभाळतो. लढाई ऐन भरात असताना स्पेसबार दाबला की सगळे जागच्या जागी थांबतात. मांत्रिकाने कोणता मंत्र टाकायचा, जखमी योद्ध्याला मागे घ्यायचं का, हे सावकाश ठरवायचं आणि पुन्हा स्पेसबार दाबायचा. इथे कस लागतो तो विचाराचा.

कोणी म्हणेल, हे जुन्या खेळाडूंचं स्मरणरंजन आहे. २०१२ साली याच वळणाच्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ या नव्या खेळासाठी लोकवर्गणीतून सुमारे ४० लाख डॉलर जमले, तेव्हा हा आक्षेप काही अंशी खरा होता. या खेळाचा २०१८ मधला दुसरा भाग सुरुवातीला फारसा खपलाही नाही. पण २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. ‘बाल्डर्स गेट’चा पहिला भाग आला तेव्हा जन्मलेही नव्हते, अशा तरुणांनीही हा तिसरा भाग खेळला. हे यश नुसत्या झगमगाटाचं म्हणावं, तर २०१९ चा ‘डिस्को एलिझियम’ पाहा: त्यात लढाईची वेगळी यंत्रणाच नाही, जवळजवळ सारा खेळ संवादांवर उभा आहे, आणि तोही गाजला.

आजच्या मुलांना धीर नाही, हा दुसरा आक्षेप. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब ज्या जालना जिल्ह्यात आहे, तिथे कीर्तनाला दोन-दोन तास बसणारे श्रोते आजही आहेत. कथेत जीव असेल तर माणूस बसतो. महागड्या यंत्राची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. ‘बाल्डर्स गेट’ची सुधारित आवृत्ती २०१४ पासून अँड्रॉइड फोनवर आहे. खरी अडचण भाषेची. हे खेळ म्हणजे वाचनाचा डोंगर, आणि ‘बाल्डर्स गेट ३’ डझनभर भाषांत असूनही त्यात मराठी नाही. म्हणून जालन्याचा मुलगा या खेळांकडे वळत नसेल, तर त्याला उथळ ठरवण्याआधी हे खेळ त्याच्या भाषेत आणायला हवेत. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणि संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलांनी मिळून हे काम हाती घ्यावं.